निळी जीभ, तुपातला बाफला

माझ्या दुकानात अमिनोचा डबा मागायला कुणी आलं की मी आधी एक प्रश्न विचारते. "या रविवारी कुणाकडे जेवायला जायचंय का?"

नवं गिऱ्हाईक चमकतं. काहींना वाटतं, मौसी आपल्याला जेवायला बोलावतेय. एकाने तर लाजून "घरी विचारून सांगतो" असंही म्हटलं होतं. पण उत्तर "हो, जायचंय" असं आलं, की मी डबा काउंटरच्या माझ्या बाजूला ओढून घेते आणि म्हणते, "मग हा सोमवारी न्या." माझ्या धंद्यातले लोक याला वेडेपणा म्हणतात. म्हणोत बापडे! त्यांनी धारच्या आबासाहेबांना सायकलवर पाहिलेलं नाही.

देवासच्या टेकडीच्या पायथ्याजवळ माझं एका गाळ्याचं दुकान आहे. पूर्वी मी एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत होते. तो बंद पडल्यावर इथे आले. फळ्यांवर डबेच डबे, प्रत्येक डब्यावर एक उघडा माणूस दंड फुगवून उभा, आणि त्या सगळ्यांच्या मधोमध मी, पुरणाच्या पोळीसारखी गोल. पोरं विचारतात, "मौसी, आप खुद क्या लेती हो?" मी सांगते, साबुदाण्याची खिचडी, वरून शेव. आमच्या मंडळाच्या नाटकांत मी कायम खलनायिका करत आले, त्यामुळे माझा आवाज रस्त्यापलीकडच्या पोहेवाल्यापर्यंत पोचतो आणि तो तिथूनच टाळ्या वाजवतो.

अमिनो म्हणजे काय, हे मी रोज समजावते, आज तुम्हालाही सांगते. प्रथिन म्हणजे मण्यांची माळ. ते मणी म्हणजे अमिनो आम्लं. तुम्ही डाळ, दूध, अंडं, शेंगदाणे काहीही खा, पोट ती माळ तोडतं, मणी सुटे करतं आणि शरीर त्यांतून आपल्याला हवी तशी नवी माळ ओवतं. काही मणी शरीराला स्वतः घडवता येत नाहीत, ते खाण्यातूनच यावे लागतात. डब्यातल्या पावडरीत हेच मणी आधीपासून सुटे करून ठेवलेले असतात, म्हणून ते लवकर रक्तात उतरतात. बस्स, एवढंच. जो माणूस घरी दोन वेळा नीट जेवतो त्याला या डब्याची फारशी गरज नसते, हेही मी सांगते. माझं दुकान अजून एकाच गाळ्यात का आहे ते तुमच्या ध्यानात आलं असेल.

पण लोकांना मण्यांशी घेणं नसतं. त्यांना भुकेशी असतं. एकदा एकाच सकाळी हाटपिपल्याचा एक पहिलवान आणि खातेगावच्या एक बाई दुकानात एकदम आले. पहिलवान म्हणाला, "मौसी, इससे भूख खुलेगी ना?" बाई म्हणाल्या, "ताई, याने भूक मरेल ना?" दोघांचं बोट एकाच डब्यावर! मी दोघांना समोरासमोर उभं केलं आणि म्हटलं, आता तुम्हीच ठरवा, हा डबा काय करतो ते. पहिलवानाने बाईंकडे पाहून हात जोडले. "बाईजी, आपकी भूख मरे तो मेरे को दे देना." दोघंही हसत हसत काही न घेता गेले. तेव्हा मीही हसले. डबा आणि भूक यांचं नातं इतकं गमतीचं आहे याची मला तेव्हा कल्पना नव्हती. ती आली गेल्या वर्षी, दसऱ्यानंतरच्या एका सोमवारी.

शटर अर्धवट वर गेलं होतं, तोच अनिकेत खालून वाकून आत शिरला.

अनिकेत म्हणजे आमच्याकडच्या कारखान्यातला शिफ्ट सुपरवायझर. वडील नोकरीसाठी साताऱ्याकडून आले ते इथलेच झाले. पोरगं सरळ, लाजाळू आणि पळण्याचं वेडं. हिवाळ्यातल्या मोठ्या शर्यतीसाठी दर रविवारी पहाटे बायपासवर पळायचा. निळ्या रंगाची अमिनो पावडर माझ्याकडूनच न्यायचा. त्या दिवशी त्याचा चेहरा असा होता, की मी आधी त्याला स्टुलावर बसवलं.

"मौसी, आपके डब्बे ने मेरा रिश्ता तुड़वा दिया."

"माझ्या डब्याने? तो तर फळीवर उभा असतो बापडा. काय झालं ते नीट सांग."

"काल धारला गेलो होतो ना, मुलगी बघायला. मतलब, बघायला काय, वैजू मला आधीच पसंत आहे. फोनवर बोलतो आम्ही. सिर्फ घरवालों का बाकी था."

"मग?"

"मग जेवायला बसलो आणि जेवताच आलं नाही."

हळूहळू सगळं बाहेर आलं. वैजूचे वडील, आबासाहेब, धारचे नामांकित आचारी. त्यांचे पूर्वज दरबारच्या मुदपाकखान्यात होते. आता पंचक्रोशीतल्या लग्नांचा स्वयंपाक आबासाहेबांकडे असतो. अनिकेतच्या आईने त्याला बजावलं होतं, "तिथे आग्रह फार होईल. भूक ठेवून जा." या शहाण्याने विचार केला, की भूक लागायला सगळ्यात चांगला उपाय कुठला? पळणं! पहाटे उठून तो नेहमीच्या दुप्पट पळाला, तेही ऑक्टोबरच्या उन्हात. थकवा दिसू नये म्हणून निळी पावडरही नेहमीच्या दुप्पट प्यायला. आणि गाडीत बसून आईवडिलांबरोबर थेट धार गाठलं.

"समोर बाफले आले मौसी. तुपात बुडवलेले. डाळ, कढी, चुरम्याचे लाडू. मी बाफला फोडला, एक घास घेतला, आणि अंदर से जैसे किसी ने दरवाजा बंद कर दिया. दुसरा घास जाईचना!"

इकडच्या नसलेल्या वाचकांसाठी सांगते. बाफला म्हणजे कणकेचा गोळा आधी उकळून मग गोवऱ्यांच्या आचेवर भाजलेला. तो हाताने फोडायचा आणि तुपात असा बुडवायचा, की तो बुडताना तुम्हालाच दम लागावा. पोटात जागा नसेल तर बाफला दयामाया दाखवत नाही.

"आणि शेवटी त्यांनी स्वतः पुरणपोळी आणली. मी ताटावर हात आडवा केला. म्हटलं, बस, पोट भरलंय. ते तसेच उभे राहिले. मग आत निघून गेले आणि बाहेरच आले नाहीत."

मी डोक्याला हात लावला. धारच्या त्या जुन्या घराची रीत मला ठाऊक नव्हती, पण रंग कळला. रीत नंतर कळली ती अशी. त्यांच्याकडे मुलाला "पसंत आहे का" असं तोंडाने कधीच विचारत नाहीत. शेवटी मुलीचा बाप पुरणपोळी घेऊन येतो. मुलाने वाढून घेतली तर होकार, ताटावर हात आडवा केला तर नकार. देवासच्या कॉलनीत वाढलेल्या पोराला हे कोण सांगणार?

"आणि वरून माझी जीभ," अनिकेत म्हणाला, "निळी होती. सगळे बघत होते. वैजूच्या मामांनी विचारलं, भिया, तबियत ठीक है ना?"

"पळून आलोय हे तू का नाही सांगितलंस?"

"आईने नको म्हटलं होतं. त्यांना वाटेल, मुलगा रस्त्यावरच असतो."

"बरं. एवढ्यावर कुणी तोडत नाही."

त्याने मान खाली घातली. "परत येताना घाटाबिल्लोदला अशी भूक लागली मौसी, अशी! मी गाडी थांबवली. कचोऱ्या खाल्ल्या. किती ते विचारू नका. आणि मामा जीप चालवतात ना, धार–इंदूर. त्यांनी मला पाहिलं. तिथूनच घरी फोन लावला."

आता सांगा! चार पिढ्यांच्या आचाऱ्याच्या घरचा बाफला ज्याच्या घशाखाली उतरेना, त्याच्या घशातून रस्त्यावरच्या कचोऱ्या धडाधड उतरतात! संध्याकाळी निरोप आला: आमच्याकडून विषय संपला.

"वैजू काय म्हणते?"

"फोन उचलत नाही. आबांनी ठेवून घेतला असेल." त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की माझ्यातली खलनायिका पार विरघळली. "मौसी, तुम्ही बोला ना. डबा तुमचा आहे."

नाटकात काम करणाऱ्या बाईला कुणी "तुम्ही बोला ना" म्हणू नये. मी दुसऱ्याच दिवशी दुकान बंद केलं, पिशवीत निळा डबा टाकला आणि इंदूरला बस बदलून धारला पोचले.

आबासाहेबांच्या अंगणात लग्नाच्या ऑर्डरची तयारी चालली होती. आंघोळ घालता येईल एवढी कढई, गोवऱ्यांचा धूर, आणि मधोमध आबासाहेब. साठीचे, उंच, पांढरा सदरा, खांद्यावर पंचा. तो पंचा त्यांच्या खांद्यावर असा बसला होता, जणू शिवतानाच सदऱ्याला जोडलेला असावा.

"आपण कोण?"

मी नाटकातल्यासारखी एक पाऊल पुढे आले. "मी देवासची. त्या मुलाची जीभ निळी करणारी."

त्यांनी झारा खाली ठेवला. मला वाटलं, आता मारतातच. पण ते म्हणाले, "बसा बाईसाहेब. आधी चार घास खा. भांडण जेवल्यावर."

मी पळत नाही, त्यामुळे माझी जेवायला काहीच अडचण नव्हती. बाफले, कढी, लाडू, सगळ्यांची मी यथासांग विचारपूस केली, आणि पुरणपोळी तर मागून घेतली. वाढायला एक मुलगी होती. सावळी, तरतरीत, वेणी कमरेपर्यंत. पोळी वाढता वाढता ती मोठ्याने म्हणाली, "आबा, यांनी पोळी मागून घेतली. आता यांचंच ठरलं समजा." अंगणातले गडी हसले. आबासाहेब नाही हसले. ती वैजू होती. सरदारपूरच्या शाळेत विज्ञान शिकवायची. तिची आई ती लहान असतानाच गेली होती आणि या माणसाने एका हातात झारा आणि दुसऱ्या हातात पोर असं तिला वाढवलं होतं.

मी मुद्द्यावर आले. मुलगा पळून आला होता, आत कुणीतरी दार लावल्यासारखं झालं, म्हणून जेवला नाही.

"कष्टाने भूक लागते बाईसाहेब," आबासाहेब म्हणाले. "माझे गडी दिवसभर पातेली उचलतात. संध्याकाळी त्यांच्या पानात वाढताना माझा हात दुखतो."

"लागते. पण त्याच घटकेला लागेल असं नाही. माणूस लांब पळतो तेव्हा शरीर रक्त पायांकडे पाठवतं. पोट म्हणतं, मला आत्ता त्रास देऊ नका. भुकेचा निरोप पोटातून मेंदूकडे जातो ना, तो निरोप्या थोडा वेळ झोपतो. वर हे अमिनोचे मणी रक्तात आले, की मेंदूला वाटतं जेवण झालं. मग ओसरलं की भूक येते, उशिरा आणि व्याजासकट. घाटाबिल्लोदला आली तीच ती."

"सगळ्यांचं असंच होतं?"

इथे मी खोटं बोलू शकले असते. पण प्रयोगशाळेची सवय जात नाही. "नाही. कुणाला पळून आल्याबरोबर कडकडून लागते. कुणाला ही पावडर प्यायल्यावर काहीच वाटत नाही. जाणकारांचंही यावर एकमत नाही."

"म्हणजे तुमचं काहीच नक्की नाही."

"माणसाचं पोट आहे आबासाहेब, कुकर नाही, शिट्ट्या मोजायला."

वैजू तोंडावर पदर धरून आत पळाली. आबासाहेबांनी चुलीतली गोवरी पुढे सारली आणि म्हणाले, "मी सायकल चालवतो. रोज भाजी आणायला जातो. तरुणपणी मांडूला सायकलने जाऊन यायचो आणि आल्यावर पंगतीत बसायचो. येत्या रविवारी मांडूच्या वाटेवर अर्ध्यापर्यंत जाऊन येतो. तुमचं ते निळं पाणीही पितो. आणि मग बसतो पानावर. जेवलो, तर त्या मुलाचं नाव या घरात पुन्हा काढायचं नाही. कबूल?"

"आणि नाही जेवलात तर?"

"मी?" ते पहिल्यांदा हसले. "बाईसाहेब, मी पानात शीत ठेवून कधी उठलेलो नाही."

मी खिंडीत सापडले होते. मी नीट चौकशी केली: प्रेशर, शुगर, किडनी, छातीत कधी दुखणं? काही नाही. ऊन ओसरत चाललेलं, माणूस रोजचा सायकलवाला. नकार द्यायला मला कारण सापडेना. निघताना दारात वैजूने मला गाठलं.

"मावशी, खरंच होतं ना तसं? पोट बंद होणं?"

"होतं. पण तुझ्या आबांचं होईल की नाही, देव जाणे."

तिने पायाच्या अंगठ्याने उंबऱ्याजवळची माती उकरली. "मला तो आवडलाय. निळ्या जिभेसकट." आणि माझं उत्तर न ऐकता आत गेली.

रविवार! अहाहा, काय तो रविवार! मी आदल्या दिवशीच धारला एका ओळखीच्या घरी उतरले होते. सकाळी आबासाहेब कॅनव्हासचे बूट घालून, धोतराचा सोगा खोचून, पंचा डोक्याला बांधून सायकलवर बसले. मागे वैजूची स्कूटर, तिच्या मागे मी, हातात निळ्या पाण्याचा शेकर उंच धरलेला, शर्यतीच्या झेंड्यासारखा. अनिकेतला मी देवासमध्ये थांबायची शपथ घातली होती. त्याचा फोन माझ्या पिशवीत सतत थरथरत होता.

पहिला चढ आबासाहेबांनी गाणं म्हणत पार केला. दुसऱ्या चढाला गाणं थांबलं. तिसऱ्याला बोलणंही थांबलं. रस्त्याच्या कडेने जाणारे लोक उभे राहून बघत होते. एक मोटारसायकलवाला माळवीत ओरडला, "आबासाब, कई वात है, लग्न में जई रिया हो कई?" आबासाहेबांनी पॅडल न थांबवता एक हात हलवला. मी स्कूटरवरून आरोळ्या देत होते: "आबासाहेब, घोट घ्या!" त्यांनी थांबून शेकर हातात घेतला, आत पाहिलं आणि म्हणाले, "ही कपड्यांची नीळ आहे का?"

"प्या हो! डब्यावर चित्र आहे ना, तसे व्हाल!"

प्यायले. तोंड असं केलं, की शेतातली गाय मागे सरकली. परत येईपर्यंत ऊन चांगलंच चढलं होतं. अंगणात आल्यावर त्यांनी उरलेला शेकर उभ्यानेच संपवला, तोंड धुतलं, आणि पाटावर येऊन बसले. वैजूचे मामा खास पंच म्हणून आले होते. तेच ते, कचोरीचे साक्षीदार. जाडजूड, प्रेमळ आणि कुठलीही बातमी पोटात न राहणारे. ते समोरच मांडी ठोकून बसले.

आबासाहेबांनी बाफला फोडला. तुपात बुडवला. खाल्ला! संथ, पण खाल्ला. मामांनी मांडीवर थाप मारली. "एक!"

दुसरा आला. त्यांनी तो कढीत कुस्करला, उजव्या हाताने घास घेत राहिले, आणि डाव्या हाताने डोक्याचा पंचा सोडून मांडीवर पसरला. घाम येत होता. मामांना कुणीतरी पाणी द्यायला बोलावलं, ते वळून बघतात तोवर तिसराही संपलेला. चौथा आबासाहेबांनी स्वतः मागून घेतला! गडी ओरडले. मामा उभे राहून नाचले. वैजूने वाढायचं भांडं खाली ठेवलं आणि ती आत गेली. तिने दार लावलं नाही, नुसतं ओढून घेतलं.

"बाईसाहेब," आबासाहेब पाटावरून उठत म्हणाले, "आता काय म्हणता?"

मीच सांगितलं होतं, सगळ्यांचं सारखं होत नाही. मी हात जोडले. "हरले."

माझी बस साडेचारची होती. पाहुण्याला एकटं पाठवायची त्या घरात रीत नाही, म्हणून आबासाहेब मला स्टँडपर्यंत सोडायला निघाले. वैजू दारापर्यंत आली, माझ्या पाया पडली, आणि तिने माझ्याकडे पाहिलंच नाही. पिशवीतला फोन थरथरत होता आणि मी तो उचलत नव्हते.

स्टँडजवळ आलो तसा समोरून ताज्या कचोरीचा वास आला. आबासाहेबांची चाल मंदावली. आणि मग एक आवाज आला. मी दचकून पाहिलं. मोठ्या पातेल्यात डाळ खदखदावी तसा आवाज, आणि तो येत होता आबासाहेबांच्या पोटातून.

तेव्हा माझं लक्ष गेलं. पंचा खांद्यावर नव्हता. बगलेत होता, गाठोडं करून.

ते बाकावर बसले. गाठोडं मांडीवर ठेवलं. माझ्याकडे बघून गाठ सोडली. आत बाफले! तुपाने पंचा पारदर्शक झालेला.

"टाकले नाहीत," ते म्हणाले. "अन्न आहे."

आणि खायला लागले. कढी नाही, डाळ नाही, नुसता कोरडा पडलेला बाफला, दोन्ही हातांनी, भुकेल्या मुलासारखा. मी हसावं की रडावं, मला कळेना. एवढ्या आनंदात मी शेवटच्या अंकातल्या टाळ्यांनाही कधी नव्हते!

"पहिला कसाबसा गेला," घास गिळत ते म्हणाले. "दुसऱ्याला आत कुणीतरी दार लावलं. तो मुलगा असंच म्हणाला होता ना?"

"अगदी हेच शब्द."

"चार पिढ्यांचं घर आहे बाईसाहेब. गड्यांसमोर, मेहुण्यासमोर पानात ठेवून कसा उठणार होतो?" त्यांनी पंच्याकडे पाहिलं. "तो पोरगा निदान समोरासमोर हात आडवा करून उठला."

पिशवीतला फोन पुन्हा थरथरला. या वेळी मी उचलला. पलीकडून अनिकेत, आवाज रडवेला: "मौसी, बोला ना, क्या हुआ?"

आबासाहेबांनी हात पुढे केला. मी फोन दिला.

"कोण, अनिकेतराव का? मी वैजूचा बाप बोलतोय." त्यांनी मांडीवरचा पंचा सावरला. "एक सांगा. पळायच्या दिवशी तुम्हाला भूक किती वाजता लागते?"

मला पलीकडचं चाचरतं उत्तर ऐकू आलं. "जी... चार... साडेचार."

"मग पुढच्या रविवारी पळा खुशाल. आईवडिलांना घेऊन चारला पानावर या. पोळी शेवटी मी आणीन. हात आडवा करू नका."

ते फोन मला परत देत होते, तेवढ्यात मामा धापा टाकत आले. माझा शेकर अंगणातच राहिला होता, तो पोचवायला. बाकापाशी येऊन ते जागच्या जागी थिजले. समोर त्यांचे मेहुणे, मांडीवर पंचा, पंच्यात बाफले, मिशीला तूप, आणि तोंड उघडलं तेव्हा जीभ जांभळाच्या झाडाखाली बसून आल्यासारखी निळी.

मामांचा हात आपोआप खिशातल्या फोनकडे गेला. आणि मग, बहुधा मागची आठवण होऊन, तसाच थांबला.

"का थांबलास?" आबासाहेब आणखी एक बाफला फोडत म्हणाले. "लाव फोन. वैजूला लाव. सांग, आबा स्टँडवर बसून खातोय. तिला कळेल काय ते."